गाडीत सायकल, फलाटावर माणूस

२०१० नंतरच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो स्थानकात संध्याकाळी पाच-साडेपाचला उभं राहिलं, की सायकलवाले चटकन ओळखू यायचे. बाकीचे प्रवासी फलाटभर विखुरलेले असत. हे मात्र ठरावीक जागी घोळका करून. सायकलींचे डबे नेमके कुठे थांबतात हे त्यांना पाठ असे. गाडी थांबली की आधी उतरणाऱ्यांच्या सायकली खाली यायच्या, मग चढणारे एकामागून एक आत जायचे. आतली जागा भरली की कंडक्टर दारातून सांगायचा, आता सायकल घेता येणार नाही. मागे राहिलेल्या माणसाच्या खिशात महिन्याचा पास असायचा. डब्यात त्याच्यासाठी जागाही असायची, बसायला नाही तरी उभं राहायला. जागा नसायची ती त्याच्या सायकलीला. गाडी सुटायची, आणि पुढच्या गाडीत तरी जागा मिळेल का, हे त्याला कुणीही सांगू शकत नसे.

ही गाडी म्हणजे सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे हे सुमारे ७५ किलोमीटरचं अंतर कापणारी कॅलट्रेन. गर्दीच्या गाडीत सायकल न्यावी की नाही, या प्रश्नावर जगात जिथे जिथे भांडणं झाली, नियम झाले, ते मोडले आणि पुन्हा घडले, त्यात या मार्गाची कहाणी मला सगळ्यात बोलकी वाटते. इथे दोन्ही बाजू खऱ्या होत्या. सायकलवाला हौसेने सायकल आणत नव्हता, आणि ज्याला तिची अडचण होत होती तोही उगाच कुरकुरत नव्हता.

हौस नव्हती, असं का म्हणायचं ते समजण्यासाठी त्या भागाची रचना ध्यानात घ्यायला हवी. एका बाजूला उपसागर, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून लोहमार्ग. हा मार्ग १८६० च्या दशकातला. त्या काळी गावं रुळांभोवती वसली. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत ज्या कंपन्यांनी या पट्टीला सिलिकॉन व्हॅली हे नाव मिळवून दिलं, त्या स्थानकाजवळ आल्याच नाहीत. त्यांनी स्वस्त, मोकळ्या जमिनी धरल्या आणि मोटारींसाठी विस्तीर्ण आवारं बांधली. माउंटन व्ह्यू स्थानकात उतरलेल्या माणसाचं कार्यालय तिथून चार-पाच किलोमीटरवर असू शकतं. चालत गेलं तर तास जातो, बस तासात मोजक्याच. सायकलीवर मात्र पंधरा-वीस मिनिटं. घरापासून स्थानकापर्यंतही तीच गत. सनीव्हेल, सँटा क्लारा, सॅन होजे या गावांत मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. बे एरियाचं महाराष्ट्र मंडळ तिथलंच. त्यांतल्या कितीतरी जणांना हा प्रवास वाचून कळायची गरज नाही. ज्याला मोटार टाळायची आहे किंवा जिचा खर्च झेपत नाही, त्याला प्रवासाच्या दोन्ही टोकांना सायकल लागते. ती दोन्ही टोकांना हवी असेल तर मधल्या टप्प्यात तिने गाडीत बसायला हवं, हे तर्काला धरूनच होतं.

कॅलट्रेनने सायकली आत घ्यायला सुरुवात केली १९९२ मध्ये. मार्गावरच्या तीन काउंटींच्या संयुक्त मंडळाने गाडी चालवायची जबाबदारी अंगावर घेतली तेही त्याच वर्षी. त्याआधी सदर्न पॅसिफिक या खासगी रेल्वे कंपनीला हा प्रवासी मार्ग तोट्याचा म्हणून सोडून द्यायचा होता. मरणाच्या दारातून परत आणलेल्या गाडीला प्रवासी हवे होते, डब्यांत जागा होती. सायकलवाल्यांना आत घेणं तेव्हा कुणाच्या जिवावर आलं नाही.

पुढे गर्दी वाढली, आणि डब्यातल्या डब्यात एक शिस्त आकाराला आली. सायकलींच्या डब्यातली काही बाकं काढून भिंतीलगत लोखंडी कठडे बसवलेले होते. एका कठड्याला चार सायकली एकमेकींना टेकवून लावायच्या आणि लवचीक दोराने बांधायच्या. आता चार सायकली एकीवर एक टेकल्या, की सगळ्यात आतली सायकल ज्याची, त्याला उतरायच्या वेळी बाहेरच्या तीन हलवाव्या लागणार. गाडी स्थानकात मिनिटभर थांबते. तेवढ्यात हे कसं जमायचं? म्हणून प्रत्येक सायकलीवर उतरण्याच्या स्थानकाचं नाव लिहिलेली पट्टी लावायची. आत आलेला माणूस आधी पट्ट्या वाचतो. सगळ्यात लांब जाणाऱ्याची सायकल भिंतीला, आधी उतरणाऱ्याची बाहेर. पट्टी नसेल तर शेजारच्याला विचारायचं, कुठे उतरणार? अनोळखी माणसं दर स्थानकाला एकमेकांच्या सायकली उचलून देतात, दोर पुन्हा बांधतात. दुमजली जुन्या डब्यांत वरच्या बाकांवर बसून खाली आपल्या सायकलीवर नजर ठेवता यायची. पहारा करणारं वेगळं कुणी लागत नसे.

सुरुवातीला गाडीमागे जेमतेम दोन डझन सायकलींची सोय होती. ती वाढत वाढत जुन्या दुमजली गाड्यांमध्ये ८० पर्यंत गेली. मागणी तिच्याही पुढे पळत होती. २०१५ च्या सुमारास गाडीत चढणाऱ्या दर दहा जणांमागे जवळजवळ एकाच्या हातात सायकल असायची. एवढं मोठं प्रमाण अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्या उपनगरी मार्गावर क्वचितच दिसेल. त्यात २००४ मध्ये मोजक्या स्थानकांवर थांबणाऱ्या जलद गाड्या सुरू झाल्या. त्यांचे डबे वेगळ्या बनावटीचे, सायकलींची जागा कमी. लोकांना जलद गाडीच हवी असायची, आणि नेमक्या तिथेच सायकलवाला मागे राहायचा. २००९ मध्ये सायकलप्रेमींच्या संघटनांनी मंडळाच्या बैठकांमध्ये तक्रारींचा पाऊस पाडला. मंडळाने आणखी काही बाकं काढून सायकलींची जागा वाढवली.

बाकं काढली, यातच दुसऱ्या बाजूचं दुःख आहे. सॅन होजेहून निघालेल्या गाडीत उत्तरेकडच्या स्थानकांवर चढणारा पन्नाशीतला माणूस पाऊण तास उभा राहणार असेल, आणि त्याला शेजारच्या डब्यात बाकांच्या जागी सायकली दिसत असतील, तर त्याच्या मनात काय येईल? सायकलीचं तिकीट नाही. दोघांनी भाडं सारखंच भरलेलं, पण एकाने जागा दोन-तीन माणसांची घेतलेली. त्यातून चिखल लागलेली चाकं, पोटरीला घासणारं पेडल, दारात अडकलेलं हँडल. ज्याच्याबरोबर बाबागाडी आहे किंवा जो चाकाच्या खुर्चीवर आहे, त्याची अडचण तर आणखी वेगळी. ही तक्रार क्षुद्र नाही. गर्दीच्या गाडीत जागा हीच संपत्ती असते, आणि तिची वाटणी हा न्यायाचा प्रश्न असतो.

२०१५ मध्ये मंडळाने या वाटणीचा आकडाच ठरवून टाकला. येऊ घातलेल्या वीजगाड्यांमध्ये दर आठ आसनांमागे एक सायकल. आकडा पुरेसा होता की नाही यावर वाद झाले, पुढेही होतील. पण तोवर जागा मागणाऱ्याच्या आवाजावर मिळायची; आता निदान एक माप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये या मार्गावर विजेवरच्या गाड्या पूर्णपणे सुरू झाल्या. सात डब्यांची गाडी, त्यातल्या दोन डब्यांत मिळून ७२ सायकली. जुन्या ८० पेक्षा हा आकडा लहान आहे, मात्र गाड्या आता दिवसभर दर अर्ध्या तासाला आहेत आणि महासाथीनंतर कार्यालयात रोज जाणारे कमी झाले आहेत, त्यामुळे मागे राहण्याची वेळ पूर्वीइतकी येत नाही. नव्या गाडीबद्दल सायकलवाल्यांचं दुखणं वेगळंच आहे. बाकांवरून सायकल पूर्वीसारखी दिसत नाही. एखाद्या स्थानकात कुणी ती उचलून उतरला तर मालकाला पत्ताही लागायचा नाही. जुन्या डब्यातला तो आपोआप होणारा पहारा नव्या आराखड्यात गेला.

मला या सगळ्यात खरी जखम जागेच्या तुटवड्यापेक्षा अनिश्चिततेची वाटते. सायकलीला सरसकट बंदी असेल तर माणूस दुसरी व्यवस्था लावतो: स्थानकात कुलूप लावून ठेवतो, घडीची सायकल घेतो, घरच बदलतो. पण नियम म्हणतो ‘या’, आणि आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी दार म्हणतं ‘आज नाही’. पाळणाघरातून मूल ठरलेल्या वेळेला आणायचं आहे, आणि आपण कुठल्या गाडीने जाणार हे दाराशी गेल्यावर कळणार. अशा दोन-तीन संध्याकाळी वाट्याला आल्या, की माणूस मोटार काढतो. रेल्वेच्या हिशेबात तो कुठेच दिसत नाही, कारण जो आलाच नाही त्याची मोजणी होत नाही.

०००

उपसागराच्या पलीकडची गोष्ट आणखी टोकाची होती. ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये पाणी आहे. १९३६ मध्ये त्यावर बे ब्रिज बांधला गेला. त्याच्या पश्चिमेकडच्या भागावर आजही सायकलीला वाट नाही. पूर्वेकडचा भाग भूकंपानंतर नव्याने बांधला, त्यावर सायकलमार्ग दिला, आणि तो २०१६ पासून मधल्या येर्बा ब्वेना बेटापर्यंत जातो. बेटावर संपतो. म्हणजे सायकलवर निघालेल्या माणसाला पलीकडच्या शहरात चाकं फिरवत जाता येतच नाही. त्याला बोट हवी, बस हवी, नाही तर समुद्रतळावरच्या सुमारे पावणेसहा किलोमीटरच्या नळीतून धावणारी बार्ट ही शहरी रेल्वे.

बार्टमध्ये मात्र गर्दीच्या वेळी गर्दीच्या दिशेने जाणाऱ्या गाड्यांत सायकलीला मज्जाव होता. वेळापत्रकातच त्या गाड्या वेगळ्या दाखवलेल्या असत. सकाळची पाळी करणारा हॉटेलातला कामगार किंवा सकाळी आठला हजेरी लावणारा शिपाई, यांच्यासाठी रस्ता बंद आणि रेल्वेही बंद. सायकलवाला म्हटलं की हेल्मेट घातलेला संगणक अभियंता डोळ्यांसमोर येतो, पण या बंदीचा मार ज्यांना घड्याळ निवडता येत नाही त्यांच्यावर अधिक होता.

ही बंदी उठली ती ज्या रीतीने, ती रीत मला फार मोलाची वाटते. बार्टने वर्षानुवर्षं चर्चा करण्यापेक्षा करून पाहिलं. ऑगस्ट २०१२ मध्ये फक्त शुक्रवारी बंदी उठवली. मार्च २०१३ मध्ये पूर्ण आठवडाभर. मग जुलैपासून काही महिने सलग. दर वेळी प्रवाशांची मतं विचारली, सायकलवाल्यांचीही आणि इतरांचीही. दारात कोंडी होईल, भांडणं होतील, गाड्या रखडतील अशी भीती होती. तसं काही घडलं नाही. गर्दी दिसली की बहुतेक सायकलवाले आपणहून मागे सरले. ऑक्टोबर २०१३ मध्ये बार्टच्या मंडळाने सवलत कायम केली. अटी मोजक्या: पहिल्या डब्यात कधीच नाही, गर्दीच्या वेळी पहिल्या तीन डब्यांत नाही, आणि डबा भरलेला असेल तर चढायचं नाही. पुढे नव्या डब्यांत सायकलींसाठी कठडे आले आणि तीन डब्यांची अटही सैल झाली.

‘डबा भरलेला असेल तर चढू नका’ हा नियम कागदावर पोकळ वाटतो. भरलेला म्हणजे किती? ते ठरवणार कोण? पण तो चालला, कारण बार्टच्या गाडीला डबे पुष्कळ आणि सायकल त्यांतल्या बहुतेक डब्यांत नेता येते. एकात नाही जमलं तर दुसऱ्यात. कॅलट्रेनमध्ये सायकली दोनच डब्यांत कोंबलेल्या असल्यामुळे ते भरले की विषय संपतो. सारख्याच हेतूचे दोन नियम, पण डब्याच्या रचनेमुळे त्यांचे परिणाम वेगळे झाले.

सायकल गाडीत नेण्याऐवजी दोन्ही टोकांना ठेवून पाहण्याचा प्रयत्नही इथे झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये बे एरियात भाड्याच्या सायकलींची योजना आली. सॅन फ्रान्सिस्को, रेडवुड सिटी, पालो अल्टो, माउंटन व्ह्यू, सॅन होजे, म्हणजे नेमकी कॅलट्रेनच्या मार्गावरची गावं. कल्पना चोख होती: स्थानकात उतरा, सायकल उचला, कार्यालयाजवळ लावून टाका. पण मधल्या तीन गावांत सायकली लावायची ठाणी मोजकीच ठेवली गेली. कार्यालयं विखुरलेली. ज्याच्या कार्यालयाजवळ ठाणं नाही, त्याला ती सायकल काय उपयोगाची? वापर झाला नाही, आणि योजना मोठी झाली तेव्हा ही तीन गावं तिच्यातून बाहेर पडली. लोकांनी आपलीच सायकल गाडीत चढवणं चालू ठेवलं.

०००

युरोपात या प्रश्नाची दोन उत्तरं दिली गेली, आणि ती परस्परांच्या विरुद्ध टोकांची आहेत.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या उपनगरी गाडीत, म्हणजे एस-टोगमध्ये, सायकलीचं वेगळं तिकीट असायचं. २०१० मध्ये ते रद्द झालं. नुसतं तिकीट रद्द करून डॅनिश रेल्वे थांबली नाही. डब्यांची फेररचना केली. मधल्या भागात भिंतीलगत घडीची आसनं, जमिनीत चाकं अडकवायच्या खाचा, आणि बाहेरून दुरूनही दिसतील एवढी मोठी सायकलीची चित्रं. आत शिरायचं दार आणि बाहेर पडायचं दार वेगळं, म्हणजे समोरासमोर हँडलं अडकत नाहीत. सायकलींसह होणारे प्रवास वर्षाला सुमारे २१ लाख होते, ते काही वर्षांतच ९० लाखांच्या घरात गेले. सायकलीचं तिकीट बुडालं, पण सायकलीमुळे जे नवे लोक गाडीत आले त्यांच्या स्वतःच्या तिकिटांनी ती तूट भरून निघाली. एवढ्या मोकळीकीतही एक निर्बंध राखलेला आहे. नोरेपोर्ट या सगळ्यात गजबजलेल्या स्थानकात गर्दीच्या वेळी सायकल घेऊन चढता-उतरता येत नाही. आधीच्या किंवा पुढच्या स्थानकात उतरा आणि तिथून सायकलीवर जा. गर्दी जिथे आहे तिथेच नियम लावला, साऱ्या मार्गाला वेठीस धरलं नाही.

नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. तिथली रेल्वे मात्र सायकलीच्या बाबतीत कठोर आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या वेळात साधी सायकल गाडीत नेता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तेवढी सूट. इतर वेळी नेली तरी सायकलीचं वेगळं तिकीट काढावं लागतं. घडी घालून पिशवीएवढी केलेली सायकल फुकट. सायकलींच्या देशात हे कसं? कारण साधं आहे. तिथे रेल्वेच्या प्रवाशांपैकी निम्म्याच्या आसपास लोक घरून स्थानकाला सायकलीवर येतात. त्या सगळ्यांच्या सायकली आत घ्यायच्या तर गाडीत माणसांना जागाच उरणार नाही. कोपनहेगनचं औदार्य तिथे अंकगणितात बसत नाही.

पण डच रेल्वेने नकार देऊन हात झटकले नाहीत, आणि या साऱ्या विषयातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे. उट्रेख्ट मध्यवर्ती स्थानकाखाली २०१९ मध्ये १२,५०० सायकलींचा तीन मजली तळ पूर्ण झाला. सायकलीवरून न उतरता आत जायचं, दिवे दाखवतील तिथे मोकळी जागा शोधायची, लावायची आणि जिना चढून फलाटावर. पहिले चोवीस तास फुकट. ॲम्स्टरडॅमच्या मुख्य स्थानकासमोर जानेवारी २०२३ मध्ये चक्क पाण्याखाली ७,००० सायकलींचा तळ उघडला. आणि दुसऱ्या टोकाला काय? तिथे ओव्ही-फीट्स, म्हणजे स्थानकावर मिळणारी निळ्या-पिवळ्या रंगाची भाड्याची सायकल. २००८ पासून ही व्यवस्था खुद्द रेल्वेकडे आहे. ज्या कार्डाने गाडीत चढलात तेच कार्ड दाखवा, सायकल घ्या, दिवसभर वापरा, परतताना स्थानकातच द्या. एका ठाण्यावरून उचलून दुसऱ्या ठाण्यावर टाकायची नाही, त्यामुळे कार्यालयाजवळ ठाणं आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. कॅलिफोर्नियातली मधली तीन गावं जिथे अडखळली, तिथे ही योजना तरली ती एवढ्याशा फरकाने.

लंडनची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिथल्या खोल बोगद्यांच्या गाड्यांत साध्या सायकलीला कधीच प्रवेश नाही. उथळ आणि उघड्या मार्गांवर गर्दीच्या वेळा सोडून आहे. घडीच्या सायकलीला सगळीकडे, सदैव. अँड्र्यू रिची यांनी १९७५ च्या सुमारास दक्षिण केन्सिंग्टनमधल्या आपल्या राहत्या घरात ब्रॉम्प्टन ही घडीची सायकल बनवायला घेतली. ती लंडनच्या नोकरदारांमध्ये एवढी रुजली याचं निम्मं श्रेय या नियमाला द्यायला हवं. आता तिथे नवा पेच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेनर्स लेन स्थानकाच्या फलाटावर विजेवरच्या एका सायकलीने पेट घेतला. त्यानंतर ३१ मार्चपासून घडी न होणाऱ्या विजेच्या सायकलींना भुयारी आणि इतर बहुतेक शहरी गाड्यांमध्ये बंदी आली. लिथियमची बॅटरी बंद डब्यात पेटली तर पळायला जागा नसते. ही बंदी मला योग्य वाटते. गर्दी सोसता येते, धूर नाही.

०००

आता आपल्याकडे. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. त्या डब्यात सायकल न्यायची मागणी कुणी केलेली नाही आणि करूही नये. पण म्हणून मुंबईच्या रेल्वेचा सायकलीशी संबंध नाही असं नाही. उलट या गाडीला सायकलीचं कोडं सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीपासून पडलेलं आहे, आणि ते सोडवलं डबेवाल्यांनी. घरोघरी फिरून डबे गोळा करणारा माणूस ते सायकलीवर किंवा पायी स्थानकात आणतो. तिथे डब्यांची खुणांनुसार वाटणी होते, लाकडी पाट्या लोकलच्या मालडब्यात चढतात, आणि चर्चगेट किंवा ग्रँट रोडला उतरलेले डबे पुढे नेणारी सायकल तिथलीच, तिथे उभी असलेली. सायकल गाडीत चढत नाही. माल चढतो, माणूस चढतो. उट्रेख्टमध्ये भरपूर पैसा ओतून जे उभं केलं, त्याचं मर्म मावळातून आणि जुन्नर-आंबेगावकडून आलेल्या माणसांनी कुठल्याही सरकारी योजनेशिवाय शोधून काढलं होतं.

मात्र डबेवाल्यांना हे जमलं ते त्यांच्या संघटनेच्या जोरावर. सायकल सांभाळायला आपली माणसं दोन्ही टोकांना असतात. एकट्यादुकट्या कामगाराला ती सोय नाही. पूर्वी स्थानकाबाहेर सायकल स्टँड असायचा, पत्र्याचा बिल्ला मिळायचा, महिन्याचे थोडके पैसे द्यायचे. बहुतेक ठिकाणी त्या जागा मोटारसायकलींनी व्यापल्या. ठेकेदाराला मोटारसायकलीचे पैसे जास्त मिळतात, तर तो सायकल कशाला घेईल? त्यामुळे रखवालदार, पाववाला, कारखान्यातला हेल्पर यांची सायकल स्थानकाबाहेरच्या कठड्याला साखळीने बांधलेली असते, आणि संध्याकाळी ती जागेवर असेल की नाही ही धाकधूक घेऊन ते दिवसभर काम करतात. पाणी ओलांडण्याच्या बाबतीतही आपण बे ब्रिजच्याच वाटेने गेलो. वांद्रे-वरळी सागरी सेतू असो की जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू, दुचाकींना तिथे प्रवेश नाही, मग सायकलीची गोष्टच नको.

महाराष्ट्रातल्या मेट्रोंनी मात्र दार उघडं ठेवलं आहे. नागपूर मेट्रोने सायकल डब्यात नेऊ द्यायला सुरुवात केली ती सगळ्यांच्या आधी. पुण्याची मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या दिवसांतच लोक सायकली घेऊन चढले. त्याच वर्षी मुंबईत दहिसर-अंधेरी पट्ट्यातल्या नव्या मेट्रोनेही परवानगी दिली. मी या निर्णयांचं मनापासून स्वागत करतो. पण हे नियम रिकाम्या गाडीत लिहिलेले आहेत. १९९२ मध्ये कॅलट्रेननेही असंच केलं होतं. पुण्याच्या मेट्रोला आता गर्दी होऊ लागली आहे. उद्या वनाझहून निघालेल्या गाडीत डेक्कनला पाय ठेवायला जागा नसेल, तेव्हा सायकल घेऊन उभ्या असलेल्या मुलाला दारातला कर्मचारी काय सांगणार? त्या दिवशी घाईघाईत सरसकट बंदी येईल ही माझी भीती आहे. ती टाळायची तर आजच ठरवायला हवं: कुठला डबा, किती सायकली, कुठल्या वेळा, कुठलं गजबजलेलं स्थानक वगळायचं. बसवलेली आसनं काढण्यापेक्षा आधीच थोडी जागा राखणं फार सोपं असतं, हे कॅलट्रेनमध्ये बाकं काढताना झालेल्या भांडणांवरून कळतं. आणि बार्टसारखं काही महिने करून बघायला काहीच हरकत नाही.

पुण्याने दुसरा प्रयोगही केला होता. २०१७-१८ मध्ये भाड्याच्या सायकली औंधात, विद्यापीठात, पेठांमध्ये दिसू लागल्या. कंपन्या आल्या, सायकलींची मोडतोड झाली, काही चोरीला गेल्या, आणि दोनेक वर्षांत बहुतेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. दोष लोकांच्या वागणुकीला दिला गेला. पण त्या सायकली कुठल्याही फलाटाशी, कुठल्याही पासाशी बांधलेल्या नव्हत्या. पुण्याला तेव्हा मेट्रोच नव्हती. आज आहे. स्थानकाच्या आत, तिकीट तपासणीच्या फाटकाजवळ, मेट्रोच्या माणसाच्या देखरेखीखाली सायकली ठेवल्या आणि त्याच कार्डावर दिल्या, तर गोष्ट वेगळी होईल. निदान तपासून बघण्याजोगी नक्कीच आहे.

एखाद्या रेल्वेने सायकल आत घ्यावी की नाही, याचं एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही. मुंबईने नाही म्हणावं, नागपूरने हो म्हणावं, दोन्ही बरोबर. मी एवढंच तपासतो की ज्याला नाही म्हटलं त्याच्या हातात रेल्वेने काय ठेवलं. सध्या अमृत भारत योजनेखाली परळ, चिंचपोकळी, माटुंगा यांसारख्या स्थानकांवर कामं झाली आहेत, आणखी कितीतरी स्थानकांवर चालू आहेत. सरकते जिने आहेत, छतं आहेत, मोटारी उभ्या करायच्या जागा आहेत. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. दिवा, कळवा, नालासोपारा, विरार, अशा प्रत्येक स्थानकाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मोटारींएवढी जागा काढायची. वर छप्पर, चाक आणि चौकट दोन्हींना कुलूप लावता येईल असे कठडे, हवा भरायचा एक पंप, आणि बिल्ला देणारा एक माणूस, जो पहिल्या लोकलच्या आधी येईल आणि शेवटच्या लोकलनंतर जाईल. भाडं पासातच धरायचं. मोटारसायकलींना तिथे जागा नाही, ही अट ठेक्याच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहायची, आणि मोडणाऱ्याचा ठेका त्याच महिन्यात रद्द करायचा.